ए-वन अनफिट

२००० सालच्या डिसेंबरात माझ्या हातात एक चिठ्ठी पडली. ‘ए-वन अनफिट, सी-वन फिट.’ वय एक्कावन्न, नोकरी एकतीस वर्षं. छातीत कळ आली तेव्हा मी इंजिनावर नव्हतो, घरी मोरीत आंघोळीला बसलो होतो. नशीब माझंही आणि मागच्या अठरा डब्यांतल्या माणसांचंही.

रेल्वेत माणसाची तब्येत अक्षरांत लिहितात. इंजिन चालवणारा ए-वन, स्टेशनमास्तर ए-टू, आणि उतरत उतरत टेबलावरचा कारकून सी-टू. वरचं अक्षर गेलं की आम्ही म्हणतो, ‘डिकॅट झाला.’ डोळ्यांमुळे डिकॅट झालेल्याचा जाड चष्मा दिसतो. पाय गेला तर कुबडी दिसते. हृदयवाला मात्र पिशवी घेऊन भाजी आणतो, चौकात गप्पा मारतो, आणि कॉलनी ठरवते की यानं जमवलंय. या संशयाला मुळीच आधार नव्हता असं नाही. बाप अनफिट होऊन बाहेर पडला की पोराला अनुकंपेवर नोकरी, हा रस्ता कधी उघडायचा, कधी बंद व्हायचा. २००४ साली तर गँगमन आणि ड्रायव्हर यांच्यासाठी निवृत्तीच्या बदल्यात पोराला नोकरी अशी योजनाच आली. पुढे ती वाढवली आणि शेवटी कोर्टकचेरी होऊन २०१७ साली गुंडाळली. बापाची जागा मुलाला, या वतनी सवयीतून आपण पुरते सुटलेलो नाही, असं माझं मत. पण त्या सवयीची किंमत खरा आजारी माणूस मोजतो.

आमच्या वडिलांनी, अण्णांनी, ती मोजली. अण्णा वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर. इगतपुरीचा घाट १९३० पासून विजेवर होता, त्यामुळे मुंबईकडून आलेलं विजेचं इंजिन तिथं काढायचे आणि पुढे भुसावळपर्यंत कोळसा. आमचं घर त्या सांध्यावर. रात्री कॉलबॉय दार वाजवायचा, आई डबा भरायची आणि अण्णांची लोखंडी लाइन-पेटी खडखडत जिना उतरायची.

१६ नोव्हेंबर १९५७ पासून रेल्वेत पेन्शन सुरू झाली. तोवर प्रॉव्हिडंट फंड: पगारातून कापलेले पैसे, त्यात सरकारची भर, आणि निवृत्तीला एकरकमी हिशेब. जुन्या नोकरदारांना निवड दिली, फंडातच राहा किंवा पेन्शन घ्या. फॉर्म घरी आला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. कंदिलाची काच पुसून आईनं फॉर्म पाटावर ठेवला, हे मला स्वच्छ आठवतं. मामा पेन्शन घ्या म्हणाले. अण्णा म्हणाले, “ड्रायव्हर साठी बघतो कुठं? पेन्शन माणसाबरोबर मरते, फंड घरात राहतो.” त्या दिवसापुरतं ते खुळचट नव्हतं. विधवेला मिळणारी, आज सगळ्यांना माहीत असलेली कुटुंब पेन्शन १९६४ साली आली. शिवाय पुढे ताईचं लग्न करायचं होतं. अण्णांनी फंडावर सही केली.

१९६६ साली नांदगावच्या अलीकडे त्यांना फूटप्लेटवरच घाम सुटला. फायरमननं गाडी स्टेशनात आणली. अनफिट ठरल्यावर तेव्हाची रीत अशी, की रजेवर बसायचं आणि तेवढ्या मुदतीत खात्यानं दुसरी जागा शोधायची. अण्णांना मिळाली ती बत्तीघरात, सिग्नलच्या दिव्यांत घासलेट भरायची. पहिल्या दिवशी गेले, काल ज्यांना हाताखाली घेतलं होतं ती पोरं “अण्णा, बसा” म्हणाली, आणि संध्याकाळी अण्णा घासलेटचा वास घेऊन परत आले. जेवले नाहीत. आठवड्यानं नोकरी सोडली. तो माझ्या मते गर्व नव्हता. खुर्ची देणाऱ्या पोरांची कीव त्यांना सोसली नाही.

फंडाचे पैसे आले. ताईचं लग्न झालं, गावच्या घरावर पत्रे चढले, उरलेलं चार वर्षांत संपलं. १९७४ साली अण्णा गेले.

१९८२ साली नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पेन्शन ही मेहेरबानी नव्हे असं ठणकावलं. निकालाचा तो १७ डिसेंबर पेन्शनर लोक आजही पाळतात. आईनं विचारलं, “मग आपलं काय?” आपलं काही नव्हतं. रेल्वेच्या फंडवाल्यांनीही पेन्शन मागितली, पण फंडवाले वेगळे आणि पेन्शनवाले वेगळे, असं १९९० साली त्याच न्यायालयानं सांगितलं. फंडवाल्यांच्या विधवांना १९८६ पासूनचं सानुग्रह अनुदान तेवढं मंजूर झालं, महिना दीडशे रुपये. आई त्याला ‘अण्णांचा पगार’ म्हणायची.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या डिसेंबरात कालनिर्णयच्या पाठकोऱ्या पानावर आकडे मांडत बसलो. स्वेच्छानिवृत्ती घेतली तर एकतीस वर्षांत भर मिळून तेहतीस धरली जाणार, म्हणजे पूर्ण पेन्शन. ड्रायव्हरच्या मूळ पगारात पेन्शनसाठी पंचावन्न टक्के मिळवतात, कारण आमची अर्धी कमाई माइलेजची. टेबलावरची नोकरी पत्करली तर पगार ठरवताना मिळवायचे फक्त तीस टक्के, आणि पुढची पेन्शनही त्याच पगारावर. त्या घडीच्या आकड्यांत बाहेर पडणं फायद्याचं दिसत होतं.

दुसरीकडे काळ बदलला होता. १९९५ च्या अपंग कायद्यानं नोकरीत अपंगत्व आलेल्याला काढू नये, हुद्दा उतरवू नये, जागा नसेल तर जादा जागा निर्माण करावी असं म्हटलं. गंमत अशी, की त्या कायद्याच्या यादीत आंधळेपण होतं, बहिरेपण होतं, बरा झालेला कुष्ठरोगी होता, हृदय नव्हतं. पण रेल्वे बोर्डानं २९ एप्रिल १९९९ ला काढलेल्या पत्रात सगळ्याच डिकॅटवाल्यांना तसं संरक्षण दिलं. दोन वर्षं आधी माझी छाती दुखली असती तर कदाचित मलाही बत्तीघरच मिळालं असतं.

बायकोला पान दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “आकडे राहू द्या. तुम्ही दिवसभर घरात बसून मला काय काय शिकवणार, ते आधी सांगा.”

मी लॉबीत क्रू कंट्रोलर झालो. ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावायच्या, कुणाची विश्रांती पुरी झाली ते बघायचं, वहीवर साइन-ऑन घ्यायची. पहिले सहा महिने मान वर करून कुणाकडे बघितलं नाही. २००९ साली साठाव्या वर्षी निवृत्त झालो. मध्ये सहावा वेतन आयोग येऊन गेला होता, पगार वाढला होता आणि ते तेहतीस वर्षांचं गणितच मोडीत निघालं होतं. मी शहाणा ठरलो तो योगायोगानं, अण्णा चुकले तेही तसेच.

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातो. मागच्या वेळी काउंटरवरच्या मुलीनं पेन्शनचा आदेश, पीपीओ, उलटून पाहिला आणि विचारलं, “काका, क्रू कंट्रोलर म्हणजे काय करायचे तुम्ही?”

“ड्रायव्हर होतो,” मी म्हटलं.

तिनं पुन्हा कागदावर बघितलं. “इथं तसं नाहीये.”