संज्ञा, वंश आणि राष्ट्र : 'अँग्लो-सॅक्सन' या नावाविषयी

कालखंडाला दिलेले नाव ही इतिहासलेखनातील केवळ सोय नसते. त्या इतिहासाचा नायक कोण, हेही त्या नावाने पुष्कळदा आधीच ठरवून टाकलेले असते. इ. स. 410 च्या सुमारास ब्रिटनमधील रोमन सत्ता संपली. तेव्हापासून 1066 च्या नॉर्मन विजयापर्यंतच्या काळाला 'अँग्लो-सॅक्सन' म्हणण्याचा प्रघात आहे. या काळाच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2019 मध्ये ही संज्ञा आपल्या नावातून वगळली आणि 'आरंभीचे मध्ययुगीन इंग्लंड' असा पर्याय स्वीकारला. त्यावर मोठा वाद झाला. मात्र त्या वादात खुद्द संज्ञेचा इतिहास काहीसा मागे पडला.

ही संज्ञा आधुनिकांनी रचलेली नाही. ब्रिटनमधील सॅक्सन आणि युरोप खंडावरील सॅक्सन यांत भेद दाखवण्यासाठी आठव्या शतकातच खंडावरील लेखनात असे जोडनाव आढळते. पुढे वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याचे अधिराज्य अँगल लोकांच्या मर्सियाच्या काही भागावरही आले, तेव्हा त्याच्या सनदांत 'अँग्लो-सॅक्सनांचा राजा' ही पदवी दिसू लागते. 893 मध्ये त्याचे चरित्र लिहिणारा ॲसरही तीच वापरतो. आणि ॲसर वेल्श होता. म्हणजे येथे हे नाव रक्ताचे नव्हे, दोन राज्यांच्या जोडणीचे आहे.

वंशाचा अर्थ त्याला फार उशिरा चिकटला. सोळाव्या शतकात आर्चबिशप मॅथ्यू पार्कर याने जुन्या इंग्रजीतील हस्तलिखिते जमवली, ती इंग्लिश चर्चची परंपरा रोमहून स्वतंत्र आहे हे दाखवण्यासाठी. सतराव्या शतकातील राजविरोधकांनी सॅक्सनांचे मूळ स्वातंत्र्य आणि 'नॉर्मन जोखड' असे द्वंद्व उभे केले. एकोणिसाव्या शतकात साम्राज्याला आपल्या श्रेष्ठत्वाचे कारण हवे होते. ते या नावात सापडले आणि स्वशासनाची योग्यता हा रक्ताचा गुण ठरला. अमेरिकेतील वर्णवर्चस्ववाद्यांनी हाच वारसा पुढे चालवला, आणि नामांतराची मागणी तेथील अभ्यासकांत अधिक तीव्र झाली ती यामुळे. ब्रिटनमधील अनेक पुरातत्त्वज्ञांना मात्र हे नाव वस्तुसंग्रहालयांत व शालेय अभ्यासक्रमात रुळलेले साधे कालनाम वाटते. दोन्ही पक्ष आपापल्या समाजाच्या भाषाव्यवहारापुरते बरोबर आहेत, असे म्हणावे लागते.

परंतु पर्यायी नावाची तपासणी कोणी करायची? अॅथलस्टनने 927 मध्ये नॉर्थम्ब्रिया ताब्यात घेईपर्यंत 'इंग्लंड' या नावाशी जुळणारे एक राज्यच नव्हते. देशनाम म्हणून हा शब्द रुळायला अकरावे शतक उजाडावे लागले. त्यापूर्वीच्या पाच शतकांना 'इंग्लंड' म्हणणे म्हणजे शेवट ठाऊक असलेल्या वाचकाने आरंभ लिहिणे होय. रथवेलचा दगडी क्रूस हे याचे बोलके उदाहरण आहे. जुन्या इंग्रजीतील काव्यपंक्ती रून लिपीत कोरलेला हा आठव्या शतकातील क्रूस आज स्कॉटलंडमध्ये उभा आहे. तो घडला तेव्हा तो प्रदेश नॉर्थम्ब्रियाचा होता. 'मध्ययुगीन इंग्लंड'च्या वाङ्मयेतिहासात तो बसवायचा, तर ज्या सरहद्दीचा तेव्हा मागमूसही नव्हता, ती ओलांडून त्याला आणावे लागते.

थोडक्यात, नामांतराने वंश बाहेर गेला, पण त्याच्या जागी राष्ट्र येऊन बसले. हे दुसरे गृहीतक अधिक निरुपद्रवी दिसते, म्हणूनच ते अधिक काळ टिकण्याचा संभव आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने पूर्व व दक्षिण इंग्लंडमधील त्या काळच्या दफनांत खंडावरून आलेल्या वंशपरंपरेचे मोठे प्रमाण दाखवले. पण माणसे स्वतःला काय म्हणत होती, हे हाडे सांगत नाहीत. ते संहितांतच शोधावे लागते, आणि संहिता एका नावावर एकमत होत नाहीत. वेल्श भाषेत इंग्रजांना आजही 'सॅक्सन'पासून आलेल्याच शब्दाने ओळखले जाते. ते स्वतःला मात्र 'इंग्लिश' म्हणवत आले. या मतभेदाला निर्दोष नावाखाली झाकण्यापेक्षा, कोण कोणाला कोणत्या प्रसंगी काय म्हणत होते याची नोंद ठेवणे हेच इतिहासकाराचे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाचेही, खरे काम आहे.