झाकलेला रंग

बंगळूरमधल्या के. आर. पुरमच्या केबल-स्टेड पुलावरचे ताणलेले पोलादी दोर दिसले की मला कोळशाची रेघ आठवते. रविवारी इथल्या मराठी मुलांना चित्रकला शिकवताना मी अमूर्त चित्रकार प्रभाकर कोलत्यांबद्दल सांगते. १९४६ साली नेरूरपारला जन्मलेले कोलते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९६८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले आणि १९७२ ते १९९४ तिथेच शिकवत राहिले. त्यांचे गुरू शंकर पळशीकर, १९६८ ते १९७५ तिथले अधिष्ठाता. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेही त्याच संस्थेतले. आपल्याकडचं अमूर्त चित्र दालनांइतकंच वर्गांत रुजलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कोलत्यांच्या अनेक चित्रांत आकारांवर एकाच रंगाचा थर पसरतो. खालचं काही बुजतं, काही फटींतून डोकावतं. आम्ही ते कागदावर करून पाहतो: पेनची शाई, मेणखडू, वर पांढरा पोस्टर रंग. मेणावर रंग धरत नाही, घरंगळतो. शाई मात्र ओल्या थरातून हळूहळू निळी वर येते.

"काकू, झाकायचंच होतं तर काढलं कशाला?" एकाने विचारलं.

मी त्याला कागद खिडकीच्या उजेडात धरायला सांगितला.