‘कोयता’ या शब्दाचे कुळ

राजवंशांच्या बखरी लिहिल्या जातात. अवजारांच्या बखरी कोणी लिहीत नाही. तथापि ज्या अवजारावाचून राजाच्या कोठारात दाणा येत नाही, त्याच्या नावातही कित्येकदा एखाद्या ताम्रपटाइतका इतिहास साठलेला असतो. कापणीच्या अशाच एका अवजाराच्या नावाचा येथे विचार करावयाचा आहे.

पवनेच्या काठचे थेरगाव एके काळी शेतकऱ्यांचे गाव होते. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरात पुरते मिसळून गेले आहे. डांगे चौकाच्या आसपास आता पीक उभे राहते ते इमारतींचे. तेथे वाढणाऱ्या मुलाच्या कानी ‘कोयता’ हा शब्द पडतो तो बांधावरून नव्हे, तर वृत्तपत्रांनी रूढ केलेल्या ‘कोयता गँग’ या जोडशब्दातून. ज्या शब्दाचा जन्म सुगीत झाला तो दहशतीचा वाचक होऊ पाहतो, ही गोष्ट उपेक्षणीय नव्हे. म्हणून त्याचे कुळ एकदा नीट तपासणे अवश्य आहे.

संस्कृतात कापणीच्या साधनास ‘दात्र’ आणि ‘लवित्र’ अशी दोन नावे आहेत. दोन्ही शब्दांच्या मुळाशी कापणे या अर्थाचे धातू असून, त्यांना साधनवाचक प्रत्यय कसे लागतात हे पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. अमरकोशातही ही नावे जोडीनेच येतात. ‘दात्र’ शब्दाचा ‘दाता’शी, म्हणजे दंताशी, काही संबंध नाही; तो केवळ ध्वनिसाम्याचा भास होय. परंतु या शब्दाची खरी थोरवी निराळीच आहे. यास्काचार्यांनी निरुक्तात प्रदेशपरत्वे भाषा कशी बदलते हे दाखविताना जी उदाहरणे घेतली, त्यांत हा विळाच आहे! कापणे या अर्थाचे क्रियापद पूर्वेकडील लोक वापरतात, तर त्यापासून झालेले ‘दात्र’ हे नाम उत्तरेकडील लोकांत चालते, असे ते नमूद करतात. पतंजलीनेही महाभाष्यात तोच दाखला दिला आहे. आपल्या देशातील बोलीभेदाच्या अगदी जुन्या नोंदींपैकी एक अशी कापणीच्या अवजारावर आधारलेली आहे. आजही पंजाबी शेतकरी विळ्याला ‘दातरी’ म्हणतो आणि गुजराती ‘दातरडुं’.

मग मराठी शेतकऱ्याच्या हातात ‘विळा’ आणि ‘कोयता’ कोठून आले? विळा हलका, चंद्रकोरीसारखा, भात-गव्हाच्या कापणीचा. कोयता जड, रुंद पात्याचा, ऊस आणि फांद्या तोडण्याचा. त्यांपैकी कोयत्याचे मूळ शोधण्यास दक्षिणेकडे वळावे लागते. कानडीत ‘कोय्’ म्हणजे कापणे, आणि ‘कोय्लु’ म्हणजे कापणी, सुगी. तमिळमध्ये हाच धातू खुडणे व कापणे या अर्थांनी आहे. तेलुगूत ‘कोयु’ म्हणजे कापणे, ‘कोत’ म्हणजे कापणी. मल्याळमात तर सुगीलाच ‘कोय्त्तु’ म्हणतात. कानडीत धातूला ‘त’ लावून क्रियावाचक नाम करण्याची रीत सर्वपरिचित आहे : ‘कुणि’ म्हणजे नाचणे, ‘कुणित’ म्हणजे नाच, ‘होडे’ म्हणजे मारणे, ‘होडेत’ म्हणजे मार. त्याच रीतीने ‘कोय्’पासून ‘कोय्त’. मराठीने त्याला आपला आकार जोडला, आणि लहान अवजारासाठी ‘कोयती’ही करून घेतली. क्रियेचे नाव साधनाला मिळण्यात नवल नाही. आपण ‘चाळणी’ म्हणतो तेव्हा चाळण्याची क्रिया आणि ते उपकरण दोन्ही त्याच शब्दात येतात.

कोणी म्हणेल, हा शब्द मराठीतून दक्षिणेत गेला नसेल कशावरून? उत्तर सोपे आहे. दक्षिणेच्या चारही प्रमुख भाषांत या शब्दाचे आईबाप आणि भाऊबंद नांदत आहेत. मराठीत मात्र तो एकटा आहे, त्याला जन्म देणारे क्रियापद येथे नाही. आंब्याच्या कोयीशी त्याचे नाते जोडणे ही तर निव्वळ कानाची फसवणूक.

हे घेणे कसे घडले असेल, याची साक्ष इतिहास देतो. इ. स. ७५८ व ७६८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत पुणे प्रांताचा उल्लेख आहे. त्याच राष्ट्रकूटांच्या दरबारात नवव्या शतकात ‘कविराजमार्ग’ हा उपलब्ध असलेला सर्वांत जुना कानडी ग्रंथ झाला, आणि त्यात कानडी मुलुखाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. म्हणजे आपल्या या पठारावर दोन भाषा शतकानुशतके एकाच बांधावर राबत होत्या. पंडितांनी आपले शब्द संस्कृतातून घेतले. कुणब्याने आपले शेजाऱ्याकडून घेतले.

शब्दाचा प्रवास येथेच संपत नाही. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला जी कुटुंबे बाहेर पडतात, त्यांच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे नवराबायकोची एक जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकट्या माणसाची गणना ‘अर्धा कोयता’ अशी होते. क्रियेचे नाव साधनाला मिळाले होते. आता साधनाचे नाव माणसाला मिळाले, आणि या शेवटच्या पायरीवर माणूस हिशेबातून नाहीसा झाला. कामात खाडा पडू नये म्हणून या जोडीतील कित्येक स्त्रियांनी गर्भाशय काढून घेतल्याचे २०१९ साली उघड झाले, आणि शासनास नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. व्याकरणात ज्याला आपण लक्षणा म्हणतो, तिची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

थेरगावापासून फारसा दूर नसलेल्या कासारसाईलाही साखर कारखाना आहे. म्हणजे नगरात ज्या शब्दाने दारे लावून घेतली जातात, त्याच शब्दावर काही कोसांच्या आत एखाद्या जोडप्याचे वर्षाचे पोट चालत असते. सुगी, हत्यार, मजूर आणि गुंड असे चार अर्थ एका शब्दाच्या अंगावर आले; त्यांतला पहिला तेवढा आपण विसरलो. शब्दाचे मूळ कळल्याने गुन्हे थांबणार नाहीत, की मजुराची उचल फिटणार नाही. परंतु कोणाच्या श्रमाचे नाव आपण कोणाच्या माथी मारीत आहो, एवढे भान तरी सुशिक्षितांस राहावे. भाषेच्या अभ्यासाचा तोही एक उपयोग आहे.