होडीतला दिवा

माझ्या आजोळी ओसरीवर चितळाची शिंगे टांगलेली होती. मामांची टोपी त्यांच्यावरच अडकवलेली असे. १९७२ चा वन्यजीव कायदा येण्यापूर्वी मामा रात्री बॅटरी घेऊन शिकारीला जात. ते सांगत, ‘‘डोळे चमकले की दोहोंच्या मधोमध नेम धरायचा. जनावर जागचे हलत नाही.’’ पुढे जॉर्ज शायरसची छायाचित्रे पाहिली, तेव्हा मला आधी मामाच आठवले.

हा अमेरिकन गृहस्थ १८५९ साली जन्मला. पेशाने वकील. मिशिगनमध्ये, सुपीरियर सरोवराकाठच्या मार्क्वेट गावापासून जवळच व्हाइटफिश नावाचे तळे आहे. तेथे तो पोरवयापासून शिकारीला जाई. शिकारीची रीत ओजिब्वा लोकांची. होडीच्या टोकाला उजेड करायचा, आपण मागे अंधारात बसायचे आणि वल्ह्याचा आवाज होऊ न देता काठाकाठाने सरकायचे. पाण्यातला पाला खायला उतरलेले पांढऱ्या शेपटीचे हरीण त्या उजेडाकडे टक लावून पाहत राही. मग गोळी. मामांचीच विद्या, म्हणा ना!

१८८९ च्या सुमारास त्याने बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा उचलला. होडी तीच, दिवा तोच, सावजही तेच. पण रात्री चित्र उमटायचे तर क्षणभर लख्ख प्रकाश हवा. त्यासाठी तो मॅग्नेशियमची भुकटी पेटवी. ती मोठी बेभरवशाची. भडक्याने माणसाचेच डोळे दिपायचे. तरी त्याने चिकाटी सोडली नाही, आणि त्या दशकात काचेवर हरणे उमटू लागली. काळ्याभोर पाण्याच्या कडेला उजळलेली हरणी, खाली पाण्यात तिची उलटी छबी. या चित्रांना रंग नाहीत हे बरेच झाले, असे मला वाटते. रात्रीला रंग असतो कुठे?

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्या चित्रांचा गौरव झाला. जुलै १९०६ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्याची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली. मासिकाचे चित्रांचे पुस्तक केले म्हणून संस्थेच्या मंडळातल्या दोघा सभासदांनी राजीनामे दिले! शायरस मधल्या काळात अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडूनही गेला होता, आणि १९०४ साली त्याने स्थलांतरी पक्ष्यांच्या रक्षणाचे विधेयक मांडले होते. बंदूक ठेवणे हा त्याचा नुसता छंद नव्हता, एवढे यावरून दिसते.

तरी एक गोष्ट मला बोचते. त्याने पुढे दोन कॅमेऱ्यांची युक्ती काढली: पहिल्या झोतात शांत चरणारे हरीण टिपायचे, दुसऱ्यात त्याच झोताने भेदरून पळणारे. एका चित्रात तीन हरणे दिसेल त्या दिशेला उधळली आहेत. आपण ज्याला सुंदर म्हणतो ती त्यांची भीतीच आहे.

हे चित्र मी मामांना दाखविले. चष्मा पुसून त्यांनी ते कितीतरी वेळ पाहिले.

‘‘नेम चांगला आहे,’’ ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘‘दुसऱ्या रात्री आली असतील रे ती परत, पाला खायला.’’