टायमिंग बेल्ट बदलताना बॅलन्स शाफ्टकडे दुर्लक्ष नको

मोटारीचा टायमिंग बेल्ट घरच्या घरी बदलणाऱ्या हौशी वाहनधारकांची संख्या परदेशात मोठी आहे. गॅरेजची मजुरी वाचते आणि काम आपल्या हातून झाल्याचे समाधानही मिळते. सर्व खुणा जुळवून नवा पट्टा चढविला जातो, इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू होते. पण गाडी रस्त्यावर आली की स्टिअरिंग आणि गिअरचा दांडा थरथरू लागतो. इंजिनाचे माउंटिंग बदलूनही ही थरथर जात नाही. अशा वेळी दोष बहुधा बॅलन्स शाफ्टमध्ये असतो. शाफ्ट खराब झालेला नसतो, तर तो अर्धा फेरा चुकून बसविलेला असतो.

बॅलन्स शाफ्ट कशासाठी?

एका रांगेत चार सिलिंडर असलेल्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात, तेव्हा दोन खाली येतात. त्यामुळे बरेचसे हादरे एकमेकांना मारक ठरतात. पण सर्व नव्हे. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने पिस्टनची गती वरच्या अर्ध्या टप्प्यात अधिक आणि खालच्या अर्ध्या टप्प्यात कमी असते. या फरकातून क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात दोन वेळा उभा हादरा निर्माण होतो. तो चारही सिलिंडरमध्ये एकाच वेळी येत असल्याने त्याची वजाबाकी न होता बेरीज होते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर असे हादरे सेकंदाला १०० बसतात. इंजिनाची क्षमता दोन लिटर व त्याहून अधिक असली की ते प्रवाशांना जाणवू लागतात.

यावरील उपाय ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुचविला. एका बाजूला वजन असलेले दोन दंड क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने, परस्परविरुद्ध दिशेने फिरवायचे. त्यांचे आडवे जोर एकमेकांत विरतात आणि उभे जोर एकत्र येऊन पिस्टनच्या हादऱ्याला नेमका विरोध करतात. जपानच्या मित्सुबिशी कंपनीने १९७० च्या दशकाच्या मध्यात ही कल्पना ‘सायलेंट शाफ्ट’ या नावाने प्रवासी मोटारींत रुजविली. एक शाफ्ट उंचावर आणि दुसरा खाली ठेवून तिने इंजिनाचे डोलणेही कमी केले. १९८० च्या दशकात जर्मनीच्या पोर्शे कंपनीनेही ९४४ या मोटारीसाठी परवाना घेऊन हेच तंत्र वापरले.

एक शाफ्ट उलटा बसला तर?

दोनपैकी एक शाफ्ट अर्धा फेरा, म्हणजे १८० अंशांनी चुकला, की सारे गणित उलटते. दोन शाफ्टचे उभे जोर एकमेकांना मारतात. परिणामी पिस्टनचा मूळ हादरा जसाच्या तसा राहतो. पूर्वी विरणारे आडवे जोर आता एकत्र येतात आणि एक नवाच हादरा तयार होतो. बॅलन्स शाफ्ट मुळीच नसलेल्या इंजिनापेक्षाही असे इंजिन अधिक थरथरते.

झडपांच्या वेळेशी या शाफ्टचा संबंध नसल्याने इंजिन सुरळीत सुरू होते आणि ताकदही देते. शाफ्टची स्थिती टिपणारा सेन्सर नसल्याने डॅशबोर्डवरचा इशारादर्शक दिवाही लागत नाही. त्यामुळे संशय माउंटिंग, क्लच वा चाकांवर जातो आणि नाहक खर्च होतो.

खुणा का फसवतात?

मित्सुबिशीचे ४जी६३ हे दोन लिटरचे इंजिन याचे ठळक उदाहरण आहे. गॅलंट, अमेरिकेत तयार झालेली एक्लिप्स आणि १९९२ ते २००७ या काळातील लान्सर इव्होल्यूशन अशा अनेक मोटारींत ते बसविले गेले. या इंजिनात दोन दाती पट्टे असतात. मोठा पट्टा कॅमशाफ्ट आणि ऑइल पंप फिरवतो. त्याच्या आतल्या बाजूचा लहान पट्टा पुढच्या बॅलन्स शाफ्टसाठी असतो. दुसरा बॅलन्स शाफ्ट ऑइल पंपाच्या दातेरी चाकांमार्फत फिरतो.

गोम याच दुसऱ्या शाफ्टमध्ये आहे. ऑइल पंपाच्या पुलीवर एकच खूण असते आणि पुलीच्या प्रत्येक फेऱ्याला ती समोर येते. परंतु पुली व शाफ्ट यांचे फेरे समान नाहीत. पुलीचा एक फेरा पूर्ण झाला, तरी शाफ्ट अर्धा फेरा मागे-पुढे असू शकतो. म्हणजेच बाहेरची खूण तंतोतंत जुळलेली असताना आतील वजन बरोबर उलट्या बाजूला असण्याचीही शक्यता असते. पट्टा काढल्यावर पुलीला हात लागून ती एक फेरा फिरली, तरी हा घोटाळा होतो.

एका स्क्रू ड्रायव्हरची परीक्षा

यावरील उपाय कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेतच दिलेला आहे. इंजिन ब्लॉकच्या बाजूला एक बूच असते. क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट व ऑइल पंप यांच्या खुणा जुळविल्यावर ते बूच काढावे आणि भोकातून ८ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा स्टार स्क्रू ड्रायव्हर आत घालावा. तो ६० मिलिमीटर वा अधिक आत गेला, तर शाफ्ट योग्य जागी आहे. २० ते २५ मिलिमीटरवर अडला, तर तो शाफ्टच्या वजनाला टेकला आहे, असे समजावे. अशा वेळी ऑइल पंपाची पुली पूर्ण एक फेरा फिरवून खूण पुन्हा जुळवावी आणि परीक्षा परत घ्यावी. मोठा पट्टा चढेपर्यंत स्क्रू ड्रायव्हर आतच ठेवावा. मात्र त्यानंतर इंजिन हाताने फिरविण्यापूर्वी तो आठवणीने काढावा. बूच पुन्हा घट्ट बसविण्यासही विसरू नये.

लहान पट्ट्यासाठी पुढच्या शाफ्टच्या पुलीवरील व क्रँकशाफ्टवरील खुणा स्वतंत्रपणे जुळवाव्या लागतात. पट्ट्याची ताणाची बाजू सैल राहू नये. टेन्शनर बोटाने दाबून पट्टा ताणावा आणि बोल्ट आवळताना टेन्शनर सोबत फिरणार नाही, याची दक्षता घ्यावी. अन्यथा ताण वाजवीपेक्षा वाढतो. पट्ट्याचा मधला भाग बोटाने दाबल्यास तो ५ ते ७ मिलिमीटर दबावा.

सर्व जोडणी झाल्यावर क्रँकशाफ्ट पान्याने सावकाश दोन फेरे फिरवून कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्टच्या खुणा पुन्हा पाहाव्यात. या इंजिनात क्रँकशाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. कुठेही अडथळा जाणवल्यास जोर न लावता थांबावे.

होंडाची पद्धत निराळी

होंडाच्या १९९० च्या दशकातील चार सिलिंडरच्या अ‍ॅकॉर्डमध्येही बॅलन्स शाफ्टसाठी स्वतंत्र पट्टा आहे. तेथे मागचा शाफ्ट जागेवर धरून ठेवण्यासाठी ब्लॉकवरील बूच काढून ६ मिलिमीटर जाड व १०० मिलिमीटर लांब बोल्ट आत सरकवितात. बोल्टच्या टोकापासून ७४ मिलिमीटरवर आधीच रेघ मारून ठेवली जाते. बोल्ट त्या रेघेपर्यंत आत गेला, की शाफ्ट योग्य स्थितीत अडकला, असे मानतात. पुढच्या शाफ्टची पुली मात्र खुणेवरच जुळवायची असते. या होंडा इंजिनांचा क्रँकशाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध दिशेने फिरतो. त्यामुळे एका गाडीवरचा अनुभव दुसऱ्या गाडीवर जसाच्या तसा वापरता येत नाही. त्या इंजिनाची दुरुस्ती पुस्तिका हाताशी हवीच.

लहान पट्टाही बदलावा

मोठा पट्टा नवा घालून लहान पट्टा जुनाच ठेवण्याची काटकसर महागात पडते. लहान पट्टा तुटला, तर त्याचे तुकडे मोठ्या पट्ट्याखाली जाऊन मोठा पट्टा दात सोडतो किंवा तुटतो. ४जी६३ इंजिनात झडपा व पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात. मग झडपा वाकतात आणि सिलिंडर हेड उतरविण्याची वेळ येते. म्हणून दोन्ही पट्टे, टेन्शनर आणि गळणारे ऑइल सील एकाच वेळी बदलणे श्रेयस्कर.

काही मालक हा धोका टाळण्यासाठी बॅलन्स शाफ्ट काढूनच टाकतात. शर्यतीच्या गाडीत ते चालून जाते. मात्र शाफ्टच्या बेअरिंगकडे जाणारे तेलाचे मार्ग नीट बंद न केल्यास तेलाचा दाब घटतो आणि रोजच्या वापराच्या गाडीत थरथर कायमची सोबतीला येते.

काम करताना बॅटरीची ऋण तार काढावी, गाडी केवळ जॅकवर न ठेवता जॅक स्टँडवर घ्यावी आणि माउंटिंग सोडण्यापूर्वी इंजिनाखाली लाकडी फळीचा आधार द्यावा.

अलीकडच्या बहुतेक इंजिनांत बॅलन्स शाफ्ट साखळी किंवा दातेरी चाकांवर फिरतात, त्यामुळे पट्ट्याचा हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना मात्र तो टाळता येत नाही. पट्टा बदलल्यानंतर थरथर सुरू झाली असेल, तर ४जी६३ च्या मालकांनी माउंटिंगवर खर्च करण्याआधी क्रँकशाफ्टची खूण शून्यावर आणावी, बूच काढावे आणि स्क्रू ड्रायव्हर घालून पाहावे. बॅलन्स शाफ्ट क्रँकशाफ्टच्या नेमक्या दुप्पट वेगाने फिरत असल्याने क्रँकशाफ्टच्या दर फेऱ्याला तो त्याच जागी येतो. म्हणून ही तपासणी पट्टा न उतरवताही करता येते. ऑइल पंपाकडील शाफ्ट चुकला आहे की नाही, याचे उत्तर त्यातून लगेच मिळते. तो बरोबर असेल, तरच पुढच्या शाफ्टची खूण पाहण्यासाठी आवरणे उतरवावीत.