विमान-प्रतिकृतींचा छंद

प्रत्यक्ष विमानाची रचना ठराविक प्रमाणात लहान करून त्याची हुबेहूब प्रतिकृती स्वहस्ते तयार करणे व शक्य असल्यास ती उडविणे, या छंदाला विमान-प्रतिकृतींचा छंद म्हणतात. प्रतिकृतींचे स्थिर व उडत्या असे दोन मुख्य प्रकार आहेत. स्थिर प्रतिकृतीत आकार, रंग व खुणा यांच्या अचूकतेला महत्त्व असते. उडत्या प्रतिकृतीत त्याशिवाय वजन, समतोल व शक्ती यांचा मेळ घालावा लागतो. उडत्या प्रतिकृतींचे मुक्त उड्डाणाच्या, दोरीनियंत्रित व रेडिओनियंत्रित असे तीन उपप्रकार आहेत. प्रमाण अपूर्णांकाने दर्शवितात. १/७२ हे प्रमाण रूढ होण्याचे कारण म्हणजे त्यात मूळ विमानाचे सहा फूट प्रतिकृतीत एका इंचाने दाखविता येतात. सु. २९ मी. पंखविस्ताराच्या डाकोटा विमानाची या प्रमाणातील प्रतिकृती सु. ४० सेंमी. रुंद होते.

इतिहास : छंद म्हणून रूढ होण्यापूर्वी प्रतिकृती हे संशोधनाचे साधन होते. इंग्लंडमध्ये सर जॉर्ज केली (१७७३–१८५७) यांनी १८०४ मध्ये स्थिर पंख व शेपटी असलेली लहान प्रतिकृती तरंगवून विमानाच्या आधुनिक रचनेचा पाया घातला. फ्रेंच संशोधक आल्फाँस पेनो (१८५०–८०) यांनी पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारी प्रतिकृती १८७१ मध्ये पॅरिस येथे उडविली. तिने ११ सेकंदांत सु. ४० मी. अंतर कापले. पंखामागील आडव्या शेपटीमुळे ती आपोआप स्थिर राहत असे. पेनो यांच्याच कल्पनेवर आधारलेले एक उडते खेळणे १८७८ मध्ये वडिलांनी राइट बंधूंना आणून दिले होते. विमानविद्येविषयीचे आपले कुतूहल तेथून जागे झाले, असे त्या बंधूंनी पुढे नमूद केले.

अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ली (१८३४–१९०६) यांचा अनुभव या विषयात विशेष बोधप्रद आहे. त्यांची वाफेच्या एंजिनावर चालणारी मानवरहित प्रतिकृती ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सु. १,००० मी. उडाली. त्या यशाच्या आधारे त्यांनी तिच्या सु. चौपट आकाराचे मानवाहू विमान बांधले. ते ७ ऑक्टोबर व ८ डिसेंबर १९०३ रोजी अशा दोन्ही प्रयत्नांत नदीत कोसळले. त्यानंतर नऊच दिवसांनी राइट बंधूंचे विमान उडाले. लहान आकारात भक्कम ठरलेली रचना केवळ मोठी केल्याने भक्कम राहत नाही, हे या अपयशातून दिसून आले. त्याच काळातील शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर मानवरहित विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. तथापि अंतर, वेळ व वजन यांची मोजलेली समकालीन नोंद तिच्या पाठीशी नाही. लँग्ली यांच्या प्रतिकृतीचे महत्त्व अशा नोंदींमुळेच टिकले.

विसाव्या शतकात प्रतिकृती संशोधकाच्या प्रयोगशाळेतून शाळकरी मुलांच्या हाती आली. रबराच्या शक्तीवर चालणाऱ्या प्रतिकृतींसाठी लॉर्ड वेकफील्ड यांच्या नावाच्या चषकाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९२८ पासून भरू लागली. इंग्लंडमध्ये १९३६ मध्ये १/७२ प्रमाणातील प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच विक्रीस आले. अमेरिकेत वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये रेडिओनियंत्रित प्रतिकृती उडविली. १९४० च्या सुमारास जिम वॉकर यांनी दोन तारांनी नियंत्रित करावयाची पद्धत लोकप्रिय केली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची व मित्राची विमाने ओळखण्याच्या शिक्षणासाठी प्रतिकृतींची गरज भासली. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांकडून पाच लाख प्रतिकृती मागविल्या. आकारात थोडीही चूक असलेली प्रतिकृती तेथे निरुपयोगी ठरत असल्याने अचूकतेची शिस्त या छंदात कायमची रुजली. युद्धोत्तर काळात १९४७ पासून तप्ततार एंजिने प्रचारात आली. मेथॅनॉल व एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या या लहान एंजिनांमुळे उडत्या प्रतिकृतींचा प्रसार वेगाने झाला.

प्रमाण व उड्डाण : हुबेहूबपणा व उड्डाणक्षमता यांतील विरोध हा या छंदाचा गाभा होय. लांबी सहापट कमी केली, तर पृष्ठफळ ३६ पट व घनफळ २१६ पट कमी होते. भारतात बांधलेल्या व वैमानिक मंडळांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या ‘पुष्पक’ विमानाचे उदाहरण घेता येईल. त्याचा पंखविस्तार सु. ११ मी. व उड्डाणसमयीचे वजन सु. ६०० किग्रॅ. होते. त्याच्या १/६ प्रतिकृतीचा विस्तार सु. १.८३ मी. होईल व तिचे वजन २.८ किग्रॅ.च्या आसपास असावे लागेल. वजन एवढे राखल्यास तिचा वेग मूळ वेगाच्या सु. दोन-पंचमांश इतका राहून उड्डाण मूळ विमानासारखे संथ दिसते. वजन वाढल्यास वेग वाढवावा लागतो व प्रतिकृती दिसावयास खरी असली, तरी उडताना खेळण्यासारखी भासते.

दुसरी अडचण हवेची. हवेचे कण प्रतिकृतीसाठी लहान होत नाहीत. त्यामुळे प्रवाहाचे स्वरूप ठरविणारा रेनल्ड्झ अंक वरील उदाहरणात सु. पंधरापट घटतो. परिणामी मूळ पंखाचा छेद तसाच वापरल्यास प्रवाह पंखापासून लवकर सुटतो व उत्थापन एकाएकी नाहीसे होते. म्हणून अनुभवी कारागीर पंखाचा छेद बदलतो, आडवी शेपटी किंचित मोठी करतो आणि पंखांची टोके थोडी वर उचलतो. यांपैकी प्रत्येक सुधारणा म्हणजे हुबेहूबपणाशी केलेली तडजोड असते. प्रेक्षकाच्या लक्षात न येईल इतकीच तडजोड करणे, हे या छंदातील कौशल्य समजले जाते. आंतरराष्ट्रीय वैमानिक महासंघाच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींच्या स्पर्धांत म्हणूनच जमिनीवरील परीक्षण व उड्डाण या दोहोंना गुण असतात. मूळ विमानाची छायाचित्रे व रेखाचित्रे पुरावा म्हणून सादर करावी लागतात.

नवशिक्याने एकदम प्रमाणबद्ध प्रतिकृतीला हात घालू नये, असा संकेत आहे. हाताने फेकावयाचे ग्लायडर, त्यानंतर रबरशक्तीची प्रतिकृती, मग दोरीनियंत्रित व अखेरीस रेडिओनियंत्रित असा क्रम उपयुक्त ठरतो. ग्लायडर समतोलाचे ज्ञान देते, तर रबरशक्तीची प्रतिकृती वजनाची काटकसर शिकविते. गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या सु. एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश अंतरावर राखणे, शेपटीकडे वाढविलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात त्याच्या कित्येक पट भार घालावा लागतो हे ओळखणे आणि प्रत्येक अपघातानंतर कारणाची नोंद ठेवणे, या सवयींनी हात सुधारतो.

भारतातील प्रसार : राष्ट्रीय छात्रसेनेची स्थापना १९४८ मध्ये झाली व तिची वायुशाखा १९५० मध्ये मुंबई व कलकत्ता येथे सुरू झाली. या शाखेच्या शिक्षणक्रमात प्रतिकृती बांधणीला स्थान मिळाल्याने हा छंद मध्यमवर्गीय विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. मात्र साहित्याची अडचण मोठी होती. प्रतिकृतींसाठी सर्वोत्तम मानले जाणारे बाल्सा हे लाकूड मुख्यतः एक्वादोरमधून येते. एंजिने, रेडिओसंच व बाल्सा यांवरील आयात-निर्बंधांमुळे १९९१ पूर्वी रेडिओनियंत्रित प्रतिकृती बांधणे खर्चिक व दुर्मिळ राहिले.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी : अमरावती व अकोला या जिल्ह्यांत प्रतिकृती करण्याची वृत्ती विमानापेक्षा जुनी आहे. ज्वारीच्या धांड्यांची साल व आतील भेंड यांपासून बैलगाडी करणे हा तेथील मुलांचा परंपरागत खेळ होय. त्यात चाक, आस व जू यांचे परस्परप्रमाण मुले नजरेने राखीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साजरा होणारा तान्हा पोळा हा विदर्भाचा खास सण लाकडी बैलांचा आहे. तो दुसरे रघूजी भोसले यांनी १८०६ मध्ये नागपूर येथे सुरू केला, असे मानले जाते. संक्रांतीच्या पतंगाची बांबूची कामटी, ताणलेला पातळ कागद व कन्नीचा कोन यांत तर पंखाचे मूलतत्त्वच आढळते.

स्थानिक साहित्यही अगदीच निरुपयोगी नाही. मेळघाटातील बांबूची तासलेली कामटी पंखाची कडा व चाकांचा दांडा यांसाठी उत्तम ठरते. काटेसावर व पांगारा यांचे लाकूड मऊ व कोरण्यास सुलभ असल्याने स्थिर प्रतिकृतींना योग्य आहे. परंतु सावरीची घनता बाल्साच्या सु. दुप्पट असल्याने उडत्या प्रतिकृतीत तिचा वापर जपून करावा लागतो. भेंड अतिशय हलके असले, तरी ते दमटपणाने दबते, त्यामुळे भरावापलीकडे त्याचा उपयोग होत नाही.

हवामानाचा विचारही आवश्यक ठरतो. अमरावती समुद्रसपाटीपासून सु. ३४० मी. उंचीवर असून उन्हाळ्यात तापमान ४५° से.पर्यंत जाते. अशा दुपारी हवेची घनता प्रमाणभूत समुद्रपातळीच्या घनतेपेक्षा सु. १३ टक्क्यांनी कमी असते व प्रतिकृतीला सु. ७ टक्के अधिक वेग लागतो. तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणारे ऊर्ध्वप्रवाह ग्लायडरला लाभदायक असतात, परंतु हलक्या प्रमाणबद्ध प्रतिकृतीला ते उलथवितात. पावसाळ्यात काळी माती चाकांना चिकटते. त्यामुळे दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतची शांत सकाळ उड्डाणासाठी सर्वांत अनुकूल असते.

प्रत्यक्ष विमानाशी या भागाचा संबंध मात्र दीर्घकाळ दूरचाच राहिला. अकोल्याजवळील शिवणी येथील धावपट्टी १९४३ मधील आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत चार महानगरांतून निघणारी विमाने नागपूरला टपालाची अदलाबदल करीत. अमरावतीजवळील बेलोरा येथे १९९२ मध्ये विमानतळ उभारला गेला, पण नियमित प्रवासी सेवा १६ एप्रिल २०२५ रोजीच सुरू झाली. त्यामुळे येथील कित्येक पिढ्यांना विमानाचा तपशील जाणून घेण्याचे साधन म्हणजे चित्र किंवा प्रतिकृती हेच होते.

सद्यःस्थिती : एकविसाव्या शतकात लिथियम बॅटऱ्या, लहान विद्युत् चलित्रे व फोमचे पातळ तक्ते यांमुळे उडती प्रतिकृती पुष्कळच स्वस्त झाली. त्याचबरोबर तयार प्रतिकृती विकत घेऊन उडविण्याची प्रथाही वाढली. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवावयाच्या, २५ किग्रॅ.पर्यंतच्या प्रतिकृतींना स्वतंत्र वर्ग देऊन त्यांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट देण्यात आली. चालू विमानतळाच्या परिसरात मात्र परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही. बेलोऱ्याला विमान येऊ लागल्याने तेथील मोकळ्या माळांनाही आता हे बंधन लागू झाले आहे. ज्या विमानाची प्रतिकृती मुले दुरून करीत, ते जवळ आल्यावर प्रतिकृतीला अधिक दूर जावे लागावे, असा हा योग आहे.

तयार वस्तू उडविण्याने नियंत्रणाचे कौशल्य येते. परंतु प्रमाण, वजन व बळ यांचे परस्परसंबंध बांधणीतूनच कळतात. लँग्ली यांच्या प्रयोगातून स्पष्ट झालेली ही गोष्ट या छंदाचे शैक्षणिक मूल्य आजही ठरविते.