उमेदवारीची शाळा

८ फेब्रुवारी १८५२ रोजी इटलीतील तुरीन शहरात मुद्रांकाच्या कागदावर एक करारनामा लिहिला गेला. एका बाजूला सुतारकामाचा मालक, दुसऱ्या बाजूला धंदा शिकू इच्छिणारा तरुण उमेदवार आणि मध्यस्थ म्हणून फादर जॉन बॉस्को. मालकाने दोन वर्षांत मुलाला धंदा शिकवावा. चुकल्यास शब्दांनी समज द्यावी, हात उगारू नये. धंद्याशी संबंध नसलेली अथवा मुलाच्या शक्तीबाहेरची कामे सांगू नयेत. रविवार व सण मोकळे ठेवावेत. वर्षाकाठी पंधरा दिवस सुटी द्यावी आणि रोज टप्प्याटप्प्याने वाढवावा, अशी त्यातील कलमे होती. मुलांना खेळ करून दाखवणारा हसतमुख संत आपल्या परिचयाचा आहे. हा करारनामा लिहिणारा माणूस मात्र एखाद्या मुरलेल्या वकिलासारखा सावध दिसतो.

ही सावधगिरी अकारण नव्हती. कारागिरांच्या जुन्या श्रेणी पीडमाँटच्या राज्यात १८४४ साली मोडीत निघाल्या होत्या. त्या श्रेणींचा जाच होता हे खरे. पण उमेदवाराने काय शिकावे, किती वर्षे शिकावे, यांवर त्यांचा काही धाकही होता. तो गेला आणि खेड्यांतून शहरात आलेली पोरे मालकाच्या मर्जीवर राहिली. धंदा शिकायला आलेला मुलगा पाणी भरी, निरोप पोचवी, दुकान झाडी. दोन वर्षांनी बाहेर पडताना झाडू मारण्याची कला तेवढी त्याच्या हाती असे.

करारनाम्यांनीही भागेना, म्हणून फादर बॉस्को यांनी आपल्याच घरात कामशाळा उघडल्या. १८५३ साली चांभारकाम व शिवणकाम, १८५४ साली पुस्तकबांधणी, १८५६ साली सुतारकाम आणि त्यानंतर काही वर्षांतच छापखाना व लोहारकाम. परंतु या कामशाळांना आरंभी शाळा म्हणणे धाडसाचे ठरेल. तिथे मुलांना आसरा होता, शिस्त होती, प्रार्थना होती. पण शिकवण्याची पद्धत अशी नव्हतीच.

याचे कारण उस्तादांच्या प्रश्नात होते, आणि व्यवसायशिक्षणाच्या इतिहासातील हा भाग मला सर्वांत बोधप्रद वाटतो. बाहेरचे कारागीर प्रथम पगारावर नेमले. त्यांना आपला रोज मिटल्याशी काम. शिवाय मुलगा तयार झाला तर उद्या आपलीच जागा घेईल ही धास्ती. मग उस्तादालाच कामशाळेचा जणू मालक केले: गिऱ्हाईक त्याचे, नफाही त्याचा. आता मुलांकडे लक्ष पुरवले जाऊ लागले, पण ते नोकरांकडे द्यावे तसे! ज्या रोगावर औषध म्हणून कामशाळा काढली, तोच रोग घरात शिरला. नफ्यात भागीदारीचा मार्गही चोखाळून पाहिला. अखेर मालाची खरेदी, कामाची मागणी आणि हिशेब हे सारे संस्थेने आपल्याकडे घेतले. उस्तादाने फक्त शिकवावे असे ठरले. पुढे ही जागा हळूहळू संघाच्या ब्रदरांनी घेतली. ते स्वतः कसबी कारागीर असत आणि मुलगा तरबेज झाला तर त्यांचे काहीच बिघडत नव्हते. पद्धती सुधारण्यापूर्वी शिकवणाऱ्याचे हित शिकणाऱ्याच्या हिताशी जुळवावे लागते, हे त्यांना अशा ठेचा खात कळले.

१८८४ साली तुरीनच्या राष्ट्रीय प्रदर्शनात या मुलांनी कागद करण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतची सारी कामे प्रेक्षकांसमोर करून दाखवली. खरे पाऊल मात्र १८८६च्या सालेशियन महासभेने टाकले. मुलाला धंदा नुसता माहीत असून भागत नाही, निरनिराळ्या कामांचा सराव व हाताला वेग हवा, असे तिने मांडले. मुलाचा कल पाहून त्याला धंदा द्यावा. झीज सोसूनही उत्तम उस्ताद नेमावेत. प्रत्येक धंद्याची कामे सोप्याकडून अवघडाकडे अशा पायऱ्यांत बांधावीत. परीक्षा घ्याव्यात आणि मुलांच्या कामाची प्रदर्शने भरवावीत.

पायऱ्यांची ही कल्पना एकट्या तुरीनची नव्हे. मॉस्कोच्या शाही तांत्रिक विद्यालयात व्हिक्टर देला-वोस यांनी १८६८च्या सुमारास प्रत्येक धंद्याची फोड करून तासणे, कापणे, सांधणे असे क्रमवार धडे तयार केले आणि शिकण्याची कामशाळा उत्पादनाच्या कामशाळेपासून वेगळी केली. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने पाहून अमेरिकन शिक्षक प्रभावित झाले. त्या पद्धतीत मुलगा शिके भरभर. पण त्याने केलेला सांधा कोणत्याच टेबलाला लागत नसे. तुरीनने विकाऊ कामाचा संबंध तोडला नाही. तिथे जोखीम उलटी होती, मागणी वाढली की धडा मागे पडे. या दोन टोकांमधील ओढाताण आजही संपलेली नाही.

१८९८पासून या शाळांची धुरा फादर ज्युझेप्पे बेर्तेल्लो यांच्याकडे आली. त्यांनी रेखाटन व धंद्याचे शास्त्र यांवर भर दिला आणि १९०१, १९०४ व १९१० सालच्या प्रदर्शनांमधून तयार वस्तूंबरोबर शिक्षणक्रमही पारखला. कामशाळेची शाळा व्हायला असे अर्धे शतक लागले.

सालेशियन फादर १९०६ साली तंजावरला आणि १९२८ साली मुंबईत आले. त्यांच्या तांत्रिक शाळा आपल्या लोकांना ठाऊक आहेत. तरीही दहावीला गुण कमी पडले की मुलाला आयटीआयमध्ये ‘घालायचे’, ही आपली भाषा बदललेली नाही. मुलाचा कल विचारावा हे १८८६ सालचे कलम आपल्या घरांत शिरलेच नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय वयातच व्यवसायशिक्षणाचा आग्रह धरला, प्रत्यक्ष कारागिरांच्या हाताखाली शिकण्याची सोयही सुचवली. तेव्हा कारागिराने मुलाला शिकवायचे की राबवायचे, हा जुना प्रश्न पुन्हा दाराशी उभा आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवारीचा करार, विद्यावेतन, कामाचे तास व रजा यांची तरतूद केली आहे. उमेदवार अज्ञान असेल तर त्या करारावर पालकाची सही लागते.